कादंबरीतल्या मुलीसाठी गाऱ्हाणं

आई, तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि तुम्ही जाऊनही आता इतकी वर्षं झाली की हे कागदावर उतरवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे. पण काल नातीने विचारलं, "आजी, तुला ही जादूगार-राक्षसांची पुस्तकं वाचायची सवय कुणी लावली?" मी म्हटलं, माझ्या सासूने. ती हसत सुटली. सासू सुनेला कामाला लावते हे तिने ऐकलं होतं, राक्षसांच्या नादी लावणारी सासू तिला नवीन होती. तिला सगळं सांगायला बसले असते तर दिवस मावळला असता, आणि त्यातलं अर्धं तिला सांगवलं नसतं. म्हणून तुम्हाला सांगते.

माझे वडील खारेपाटणला शाळामास्तर. घरात पुस्तकं पुष्कळ, पण सगळी चरित्रं आणि निबंध. भुयारं, उडते घोडे असलं काही कुणाच्या हातात दिसलं की ते म्हणायचे, "भाकडकथा रिकामटेकड्यांसाठी असतात." मी त्यांची आज्ञाधारक लेक. फायनल पास होऊन मालवणच्या बाजूला तुमच्या घरात आले तेव्हा एकही अद्भुत कादंबरी मी वाचलेली नव्हती आणि त्याचा मला चक्क अभिमान होता. तुम्ही मला शेजाऱ्यापाजाऱ्यांत 'मास्तराचा चेडू' म्हणायचात. मास्तरांची मुलगी, एवढाच त्याचा अर्थ, पण त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला बरीच वर्षं कळलं नाही.

मग माझं पहिलं मूल झालं आणि आठवडाभरात गेलं. गोवा तेव्हा अजून पोर्तुगीजांकडे होता. तुमचा मुलगा मुंबईहून आला, चार दिवस भिंतीला टेकून बसला आणि नोकरीवर परत गेला. घरात राहिलो तुम्ही आणि मी. मी बोलणं सोडलं. रडलेही नाही. पेज वाढायची, विहिरीचं पाणी ओढायचं, माड शिंपायचे, आणि तोंडातून शब्द नाही. बायका येत आणि "दुसरा होतला गो" म्हणून जात. तुम्ही ते एकदाही म्हणाला नाहीत. तुमच्या उपकारांत मी हा पहिला धरते.

एका बाजाराच्या दिवशी तुम्ही नारळ विकून परत आलात ते पाटीत सुके बांगडे आणि त्यांच्याशेजारी एक पुस्तक घेऊन. वाचनालयाची पायरी तुम्ही जन्मात पहिल्यांदा चढला होतात. तिथल्या माणसाला काय सांगितलंत ते त्यानेच मला पुढे हसत हसत सांगितलं. "जाडसा दी. बेगीन सपाक नको." लवकर संपता कामा नये, एवढी एकच अट. त्याने कपाटातलं सगळ्यात जाड काढून दिलं. जुनी अद्भुत कादंबरी, मुखपृष्ठ गेलेली, कसरीने चाळण केलेली, वर आता बांगड्याचा वास. दुपारी तुम्ही खळ्यात माडाची चुडतं विणायला बसलात आणि पुस्तक माझ्या पुढ्यात सरकवलंत. "वाच गो. माका आयकूक होया." सासूचा हुकूम, मोडायची सोय नव्हती. घशातून आधी आवाजच निघेना. तुम्ही मान वर केली नाहीत, विणत राहिलात, आणि पहिलं पान मी कसंबसं ओढत संपवलं.

गोष्ट अशी होती की एका मुलीला जादूगार जमिनीखालच्या नगरात घेऊन जातो, आणि तिथलं पाणी जो पितो तो वर जायची वाट विसरतो. महालांची वर्णनं सुरू झाली की तुम्ही म्हणायचात, "ह्या फुडे ढकल." पण जादूगार आला की तुमचे हात थांबायचे. "ह्यो खंयच्या शिवेवरचो? तेका कोण नारळ देता की नाय? उपाशी ठेवलो तर असोच वागतलो." गावच्या शिवेवर फिरणारा, नारळ दिला की राखण करणारा देवचार तुम्हाला शेजाऱ्यासारखा, त्यामुळे पुस्तकातल्यांचीही तुम्ही त्याच हिशेबाने चौकशी करत होतात. एकदा मी वैतागून म्हटलं, "आई, हे सगळं खोटं आहे. कुणीतरी बसून रचलेलं." तुम्ही शांतपणे विचारलंत, "मगे तुझो आवाज कित्याक कापता?"

हीच कादंबरी दहाव्या वर्षी वाचली असती तर मी जादूच्या अंजनावर खूश झाले असते. चोविसाव्या वर्षी मला त्या मुलीचं पाणी पिणं कळत होतं. खाली राहणं किती सोपं असतं, तिथे कुणी काही विचारत नाही, हे मला तिच्याइतकंच ठाऊक होतं. त्या दिवसांत माझ्याबद्दल खरं बोलणारं घरात ते एकच पुस्तक होतं, आणि ते नखशिखांत खोटं होतं. वडिलांना हे कसं समजावलं असतं कोण जाणे.

पुस्तक निम्म्यावर आलं असेल तेव्हा देवळात गाऱ्हाणी घालायचा दिवस आला. मला जायचं नव्हतं, तुम्ही दंडाला धरून नेलंत. आपली अडचण गावकराला सांगायची, नारळ त्याच्या हाती द्यायचा, मग तो ती देवापुढे खड्या आवाजात मांडतो आणि जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. कुणाची गाय, कुणाचं कोर्टाचं काम, कुणाचा बोटीवर गेलेला मुलगा. तुमची पाळी आली. तुम्ही नारळ पुढे केलात आणि म्हणालात, "एक चेडू भुयारात अडाकला आसा. खालचा पाणी प्याला, वाट इसारला. तेका वर हाडूक होया."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारी पुस्तकातल्या मुलीसाठी गाऱ्हाणं घालते आहे, उद्या गावभर होणार! गावकर नारळ हातात धरून थांबला. देवाला घर सांगावं लागतं, त्याशिवाय गाऱ्हाणं पोचत नाही. त्याने विचारलं, "खंयच्या घराचा चेडू?"

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. "माझ्याच घराचा," म्हणालात.

देवाकडे वळून त्याने ते सगळं मांडलं, भुयार, पाणी, विसरलेली वाट, आणि सगळं देऊळ म्हणालं, "व्हय म्हाराजा!" मी तिथेच खाली बसले आणि हंबरडा फोडला. मूल गेल्यानंतरचं माझं ते पहिलं रडणं. तुम्ही पाठीवरून हात फिरवला नाहीत. माझ्या शेजारी उभ्या राहून, बघायला थांबणाऱ्या बायकांना तेवढं "फुडे चला गो, फुडे चला" म्हणत राहिलात.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा चुडतं, पुन्हा पुस्तक. ते संपलं तेव्हा तुम्हीच दुसरं आणलंत, तसंच जाड. पुढे मुलं झाली, गोवा मुक्त झाला, वाचनालयाच्या कपाटातलं एकूण एक अद्भुत आपण दोघींनी संपवलं, आणि परदेशातल्या गोष्टींची भाषांतरं आली तेव्हा तिकडच्या राक्षसांनाही नारळ कोण देतो हे तुम्ही विचारलंतच. तुम्ही गेल्यावर मी एकटीने वाचत राहिले, आजही वाचते. त्या दिवशी देवळात तुम्ही पुस्तकातल्या मुलीसाठी उभ्या होतात की माझ्यासाठी, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर "दोघी काय येगळ्यो?" म्हणून मला वेड्यात काढलं असतंत. मी वर आले ती तुमच्यामुळे, आई. हे तुमच्या हयातीत बोलायला हवं होतं, पण आपल्याकडे सुना असं कुठे बोलतात.

हे पत्र जायचं नाही कुठे, म्हणून एक गोष्ट इथे लिहून टाकावी असं मनात होतं. बारशापर्यंत बाळ राहिलं नाही, पण त्याचं नाव मी ठरवून ठेवलं होतं. तुमच्या मुलालाही ते ठाऊक नव्हतं. लिहायला घेतलं आणि हात धजला नाही. मात्र आज दुपारी घरात कुणी नव्हतं, तेव्हा मी त्याला त्या नावाने एकदा मोठ्याने हाक मारली.