खंडेनवमीच्या पट्ट्या

सोलंग,
५ सप्टेंबर २०२५

चि. हर्षदला अनेक आशीर्वाद.

मागच्या हिवाळ्यात माझ्या घरगुती स्कीची कडेची प्लॅस्टिकची पट्टी भर उतारावर सुटली आणि माझा गुडघा गेला. यंदा पुन्हा जोडी बनवतेय. तुमच्या गाळ्यात तेच प्लॅस्टिक कापतात ना? चार पट्ट्या काप आणि चिकटवायची बाजू तूच तयार कर. तुझ्याएवढा किरकिरा कारागीर मला इथे मिळायचा नाही.

आईला जप, स्वतः जेवत जा.

तुझी जान्हवीताई


जोगेश्वरी,
४ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस शि. सा. न.

फोनवर सांगितलं की तू हसतेस, म्हणून पट्ट्यांच्या पेटीत पत्र ठेवतोय.

हे प्लॅस्टिक मेणासारखं असतं, गोंद धरत नाही. म्हणून चिकटवायची बाजू जाड पॉलिश पेपरने खरवडून स्पिरिटने पुसली आहे. पुढचं तिथे कर, इथून करून पाठवलं तर वाटेत गुण जाईल. गॅसची निळी ज्योत त्या बाजूवरून झरझर फिरव, रेंगाळलीस तर पट्टी वाकेल. मग पाणी टाकून बघ. थेंब गोळा राहिला तर परत ज्योत. पाणी सपाट पसरलं तरच बाजू तयार. वाळल्यावर लगेच चिकटव, मध्ये बोट लावू नकोस.

एक घोळ झाला. पट्ट्या घरी हत्यारांशेजारी ठेवल्या होत्या. खंडेनवमीला आईने त्यांनाही हळदकुंकू लावलं, तेही निरांजनाच्या तुपाच्या बोटांनी. माझी वाटच लागली. ती देवळात गेल्यावर सगळं पुसून पुन्हा खरवडलं. पुसताना डोळ्यांसमोर तुझा गुडघा होता. आईला सांगू नकोस.

स्वतः बनवलेल्या स्कीवरून डोंगर उतरणारं आपल्यात कोणी नाही. गाळ्यात तुझा फोटो लावलाय. शेठ विचारतात ही कोण, मी सांगतो, माझी ताई.

लोभ पट्टीसारखा सुटू नये, ही विनंती.

तुझा हर्षद


सोलंग,
१९ जानेवारी २०२६

चि. हर्षदला अनेक आशीर्वाद.

आधी पट्टीचं. चिकटवलेल्या एका तुकड्यावर छिन्नी मारली. लाकूड फाटलं, जोड सुटला नाही. काल त्याच उतारावर गेले. खाली पोचल्यावर कडा चाचपल्या, नखसुद्धा शिरलं नाही. मी स्की बनवते त्या शेडच्या मालकांनी कारागीर कोण विचारलं. म्हटलं, माझा धाकटा, वरणात मीठही मोजून घालतो.

आईला मी सांगून टाकलं, रागावू नकोस. तिला ठाऊक होतं. छत्री विसरली म्हणून परत आली, तेव्हा तुला पुसताना दारातून पाहिलं आणि तशीच मागे फिरली. मग तू बांधून ठेवलेल्या पेटीच्या तळाला तिने गुपचूप कुंकू लावलं.

मी पेटी उलटी करून पाहिली. आहे.

लोभ आहेच, त्याला ज्योत दाखवायला नको.

तुझी जान्हवीताई