चहानंतरची दुवा

कारा-तेरेक
१४ एप्रिल

लाडक्या अनारकान,

तू सुखरूप असशील, खोकला कमी झाला असेल, अशी आशा धरून लिहायला बसलो आहे. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या आईचे गुडघे दुखतात, पण ते नेहमीचंच. लाल गाय व्याली, गोऱ्हा झाला. खिंडीत अजून बर्फ आहे, बटाटे लावायला उशीर होणार.

हे पत्र झुमागुलबरोबर पाठवतो आहे, ती परवा ओशहून विमानानं मॉस्कोला निघते आहे. सोबत लोणी आणि वाळवलेल्या दह्याचं कुरूत आहे. कुरूत उबेत ठेवू नकोस, वास धरतं. फोनवरच बोललो असतो, पण फोनवर बोलताना तुझी आई माझ्या तोंडाकडे बघत बसते आणि मी आपला बर्फाचंच सांगत राहतो. सातवी शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे, सावकाश वाच. कामावर वाचू नकोस. त्या मोठ्या पातेल्यांजवळ उभं राहून तर मुळीच नको. बसून वाच.

तुझे परवान्याचे कागद नवे करून घेतलेस ना? मला त्याचीच काळजी लागून राहते.

कुंदुझचा फोन लागत नाही म्हणून तू दर रविवारी विचारतेस. तिच्या सासरी रेंज नाही, असं मी सांगत आलो. तिच्या सासरी रेंज आहे. मागच्या शरदात टेकडीवर टॉवर उभा राहिला.

ती जिवंत आहे. हे आधी लिहितो, कारण तू घाबरून पुढच्या ओळी गाळशील. ती सासरी नाही, आमच्याकडेही नाही. ओशला बायकांसाठी आधारगृह आहे, तिथं आहे. बुरुलनं नेलं तिला. बुरुल म्हणजे पूर्वी शाळेत नर्स होती ती, आता माझ्याबरोबर गावच्या दक्षता समितीत आहे.

ही समिती काय करते ते मी तुला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. फौजदार काम नीट करतो की नाही ते बघायचं, आणि ज्याला मार बसला, ज्याचं लुटलं गेलं, त्याच्या पाठीशी उभं राहायचं. नेमणूक झाली तेव्हा मी नवी टोपी घालून फोटो काढला होता. तो तू भिंतीवर लावला असशील तर काढून टाक.

फेब्रुवारीत कुंदुझ घरी आली. उजवा हात मनगटापासून प्लास्टरमध्ये. घोड्यावरून पडले म्हणाली. तुझी आई म्हणाली, "तुझ्या सासरी घोडा कधी आला गं?" मग पोरगी रडली. मिर्लान लग्न झाल्यापासून मारत होता. बुरुल तिला फौजदाराकडे घेऊन गेली. तक्रार नोंदवायची आणि नवऱ्यानं जवळ फिरकायचं नाही असा कागद द्यायचा, हे कायद्यानं त्याच दिवशी व्हायला हवं. फौजदार झानिबेक म्हणाला, "देतो की. पण मुलीचे आजोबा समितीत आहेत, त्यांचा मान ठेवायला नको? एकदा घरी बसून बोलू."

मला ते बरं वाटलं, अनारकान. माझा मान ठेवतो आहे असं वाटलं.

ते आले. झानिबेक, मिर्लान आणि त्याची आई. मेंढी घेऊन आले. तुझ्या आईनं दस्तरखान अंथरलं, कणकेचे बोरसोक तळले. कुंदुझ दाराजवळ बसून चहा ओतत होती, डाव्या हातानं. आणि मग किटली खाली ठेवून ती बोलली. सगळं बोलली. मी ते इथं लिहिणार नाही, ते तिनं तुला सांगावं. शेवटी म्हणाली, "मला मेंढी नको, माफी नको. तक्रार लिहून घ्या आणि तो कागद द्या."

मिर्लानची आई रुमालाच्या टोकानं डोळे पुसत होती. आता आपण काहीतरी म्हणायला हवं, असं मनात घोकत होतो. तेवढ्यात झानिबेक हळूच म्हणाला, "आजोबा, चहा निवला. हात उघडा."

आणि माझे हात वर गेले.

मी नेले नाहीत, ते गेले. आयुष्यभर कुणी ‘हात उघडा’ म्हणालं की माझे तळहात उघडत आले आहेत. लग्नात, मयतात, नव्या ट्रॅक्टरपुढे. दुवासुद्धा आपोआप आली. घर भरलेलं राहो, चूल विझू नये, दोघांची डोकी एका उशीवर राहोत. उशीवर राहोत! माझ्या कानांनी ते ऐकलं आणि मला थांबता आलं नाही. सगळे "ओमिन" म्हणाले. कुंदुझनंसुद्धा हात उचलला होता, एकच. वडीलधारा दुवा देत असताना हात खाली ठेवायचा नसतो, हे मीच तिला लहानपणी शिकवलं होतं.

आपल्याकडे दुवा झाली की बोलणं मिटलं असंच धरतात, ते तुला सांगायला नको. सगळे उठले. दस्तरखान आवरलं गेलं. झानिबेकनं दारातच लिहून टाकलं की समितीच्या वडीलधाऱ्यांनी समेट घडवला. कुंदुझ म्हणाली, "मी तर काहीच मान्य केलं नाही." तो म्हणाला, "मग हात का उचललास, बाळ?" त्याच गाडीतून तिला घेऊन गेले. जाताना तिनं तुझ्या आईचा निरोप घेतला. माझ्याकडे पाहिलं नाही.

मार्चमध्ये त्यानं पुन्हा मारलं. शेजारणीनं बुरुलला कळवलं. बुरुल ठाण्यात न जाता थेट सासरच्या अंगणात टॅक्सी घेऊन गेली आणि पोरीला तशीच उचलून ओशला घेऊन गेली, चपला पण नव्हत्या पायांत. तिथल्या डॉक्टरांनी बघितलं.

मी ओशला गेलो होतो. लोणी घेतलं, तिची लोकरी शाल घेतली. फाटकावर एक जाडसर बाई होती. म्हणाली, "आजोबा, इथं घरचे लोकच चालत नाहीत."

मी म्हणालो, "मी नुसता घरचा नाही, मी दक्षता समितीचा आहे."

"मग तर मुळीच नाही," ती म्हणाली. शाल तेवढी ठेवून घेतली.

मागच्या आठवड्यात गावच्या क्लबाच्या सभागृहात फौजदाराचा वर्षाचा हिशेब झाला. गावानं ऐकायचं आणि काम समाधानकारक आहे की नाही ते हात वर करून ठरवायचं. झानिबेकनं वाचलं, घरगुती भांडणं सगळी समेटानं मिटली, एकही पुढे गेलं नाही. टाळ्या झाल्या. पंचायतीचा प्रमुख सातिबाल्दी म्हणाला, "कुणाला काही विचारायचंय?" मी उठलो. पुढची खुर्ची धरली. म्हणालो, "माझ्या घरी समेट झाला नाही. मी दुवा दिली ती चहाला दिली. पोरीनं होकार दिला नव्हता."

पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. मग मागून एक गवंडी ओरडला, "बाबा, दुवा परत घेता येते होय? मग माझ्या लेकीच्या लग्नातली पण घ्या, जावई दारुडा निघालाय!" सगळा क्लब हसला. सातिबाल्दी डोळे पुसत हसला. झानिबेक मात्र हसला नाही. गोड आवाजात म्हणाला, "आजोबा, दुवा तुमची, घर तुमचं, नात तुमची. मी तर पाहुणा होतो."

बुरुल उभी राहिली. "हसा," ती म्हणाली. "पोरीला पोलीस हवा होता आणि आपण तिला चहा पाजला. उद्या तुमची लेक आली की तिलाही पाजू."

हसणं थांबलं. पण हात वर झाले. समाधानकारक. आमच्या समितीतल्या दोघांनीही केले, आणि नंतर एकाला घोड्याला पाणी दाखवायचं आठवलं, दुसऱ्याला आपली दुखरी कंबर. जिल्ह्याला विरोध कळवायला राहिलो बुरुल आणि मी.

आम्ही दोघं जिल्ह्याच्या सरकारी वकिलाकडे गेलो. तरुण बाई आहे, रागीट. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे तुम्ही कोर्टात म्हणाल? फौजदारासमोर? तुमच्याच हातून झालं असं?" मी हो म्हणालो. गुन्हा नोंदवला गेला. खटला जूनमध्ये उभा राहील. मिर्लानची माणसं आतापासून येऊन जातात, अंगणात उभी राहून तुझ्या आईशी गोड गोड बोलतात. मी रात्री कडी दोनदा बघतो. पण कुंदुझ कोर्टात उभी राहिली नाही तर माझं बोलणं फुकट जाईल आणि तो सुटेल, असं वकीलबाई म्हणाली. कुंदुझ अजून हो म्हणत नाही.

काल बुरुल तिच्याकडून निरोप घेऊन आली. कोर्टात आई शेजारी बसली तरच मी उभी राहीन, असं म्हणाली. हे ऐकताच तुझी आई उठली. मी अडवायच्या आत तिनं चांगला रुमाल डोक्याला बांधला, पेटीतून बूट काढले. तिनंच वाढवली ना ती, पहिलं नातवंड म्हणून तू आमच्या ओटीत घातलेलं. पोरगी जन्मभर हिलाच आई म्हणाली आणि तुला ताई. बुरुल बराच वेळ चहा ढवळत राहिली. मग म्हणाली, "वहिनी, तुम्ही नाही. ती मॉस्कोच्या आईबद्दल बोलत होती."

तुझ्या आईनं रुमाल सोडला. बूट पुन्हा पेटीत ठेवले. संध्याकाळी मला म्हणाली, "लिहा तिला. सगळं लिहा. नाहीतर मी लिहायला शिकेन."

म्हणून लिहितो आहे. तुझी जागा दुसऱ्या कुणाला देतील, मला माहीत आहे. एकदा निघालीस की तिथं परत घेतील की नाही, तेही माहीत नाही. विमानात तुला भीती वाटते. मी हे सगळं धरून विचार केला आणि तरी म्हणतो, ये. आमच्या घरी आधी उतरू नकोस. ओशहून सरळ तिच्याकडे जा. तुला फाटकावर अडवणार नाहीत, तुझं नाव तिनं आत देऊन ठेवलं आहे. माझ्यासाठी शब्द टाकू नकोस. मी कोर्टात साक्षीदारांच्या बाकावर असेन, तिला बघायचं असेल तर तिथून बघेल.

आणखी एक, हे मी वर लिहायचं टाळलं. तिच्याजवळ बसशील तेव्हा उजव्या बाजूला बस. डाव्या कानानं तिला आता ऐकू येत नाही.

तुझा बाप,
ओमुराली