कुणीतरी रडायला हवं

२ फेब्रुवारी, सोमवार

आले एकदाची. सोलापूरहून अक्कलकोटला एसटीने आणि पुढे वडापच्या जीपने. वडापवाल्याने माझ्या मांडीवर कुणाच्या तरी दोन कोंबड्या ठेवल्या आणि वर हसून म्हणाला, शिश्टर, धरा जरा. गावाचं नाव इथे लिहीत नाही. रुग्णाचं गाव कुठेही लिहायचं नाही, असं ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी बजावलंय आणि मी भलतीच आज्ञाधारक आहे. एवढंच लिहिते, की ओढ्यापलीकडची माणसं कानडीत भांडतात आणि अलीकडची मराठीत, आणि दोघांचं एकमेकांना सगळं कळतं.

राहायला रामहरीदादांच्या घरातली पुढची खोली मिळाली. वर पत्रा, खाली फरशी, खिडकीतून ज्वारी दिसते. वहिनी मुलांच्या शाळेपायी सोलापुरात असतात, म्हणून घरात माय-लेक दोघंच. दादांची आई अनसूयामावशी. त्यांना हृदयाचा त्रास आहे, म्हणजे माझी घरमालकीण हीच माझी पहिली रुग्ण. त्यांनी गरम भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली, पगार विचारला आणि ऐकून लगेच म्हणाल्या, कमी हाय. मला त्या एकदम आवडल्या.

५ फेब्रुवारी

काम सोपं आहे. हृदयाच्या रुग्णांच्या मनगटावर आमचा पट्टा असतो. नाडी, ऑक्सिजन, झोप, सगळं सोलापूरच्या केंद्रात संगमेश सरांच्या पडद्यावर जातं. तेच ॲपमधून नातेवाइकांच्या फोनवरही दिसतं. हिरवा ठिपका म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे गाडी निघाली. मी घरोघरी जाते, पट्टे तपासते, गोळ्या देते आणि टॅबवर सरांशी गाठ घालून देते. आम्हा कर्मचाऱ्यांनाही पट्टा आहेच. श्रीपूरला आईच्या फोनवर माझा ठिपका दिसतो आणि मी दुपारचं जेवण टाळलं की कसं कोण जाणे तिला कळतं.

इथल्या आशा कार्यकर्त्या सिद्धेश्वरीताई मला सगळीकडे फिरवतात. मागच्या महिन्यात गुरप्पा नावाच्या गृहस्थांचा ठिपका भर दुपारी लाल झाला. ते स्वतः झाडाखाली पत्ते खेळत होते, गाडी दारात आली तरी डाव सोडेनात. सोलापुरात नेल्यावर कळलं की आणखी तासभर गेला असता तर माणूस हाती लागला नसता. तेव्हापासून गाव पट्ट्याला मानतं. माणूस म्हणाला बरं वाटतंय तरी बायका आधी मनगट बघतात. मला अभिमान वाटला. असं काम करायला मिळावं म्हणूनच तर नर्सिंग केलं.

११ फेब्रुवारी

आज अनसूयामावशींच्या डोक्यावर कावळा बसला. अंगणात शेंगा फोडत होत्या. बसला, टोच मारली, उडाला. जखमही नाही. पण मावशींनी सूप बाजूला ठेवलं ते परत हातात घेतलं नाही. जेवल्याही नाहीत.

सिद्धेश्वरीताईंनी समजावलं. कावळा अंगाला शिवला की मरण येतं म्हणे. त्यावर तोड एकच, लांबच्या नातेवाइकांना खोटीच बातमी धाडायची की माणूस गेला. ते रडले की मरण उतरतं. दुसऱ्या दिवशी खरं कळवायचं, सगळ्यांनी हसायचं, गोड खायचं. पूर्वी पत्र टाकायचे, नंतर फोन. मी हसले नाही. आमच्याकडेही आजोबांसाठी असं केल्याचं अंधुक आठवतंय.

१२ फेब्रुवारी

दादांनी कलबुर्गीला बहिणीला फोन केला आणि आवाज बारीक करून सांगितलं, आई गेली. तिने ॲप उघडलं, हिरवा ठिपका पाहिला आणि खो खो हसली. म्हणाली, दादा, कावळा बसला व्हय?

दादा डोक्याला हात लावून बसले. मला म्हणाले, "कळवून काय उपेग न्हाय शिश्टर. कुनीतरी रडाय पायजे की."

मावशी भिंतीकडे तोंड करून पडल्यात. दोन दिवस पोटात अन्न नाही. ठिपका पिवळा झालाय. सर म्हणाले, ताण आहे, गोळी वाढव. ताण आहे हे मलाही कळतं, तो कशाचा आहे तेही कळतं. गोळीने जाणारा नाही तो.

१३ फेब्रुवारी

केलं. चांगलं की वाईट माहीत नाही, पण मावशी जेवल्या.

मृत्यूची नोंद मलाच करता येते. टॅब कारण विचारतो, 'घरी, नैसर्गिक' निवडलं. ठिपका करडा झाला आणि बातमी सगळ्या नातेवाइकांना एकदम गेली. पाच मिनिटांत कलबुर्गीचा फोन. दादांनी स्पीकर लावला. बाई ऊर फुटून रडत होती, मधूनच आई, आई म्हणत होती. मावशी उठून बसल्या. पदर तोंडात धरून त्यांनी लेकीचं रडणं शेवटपर्यंत ऐकलं. मग डोळे पुसले, लई रडली गं, म्हणाल्या, आणि दीड भाकरी खाल्ली.

उद्या नोंद परत फिरवायची. सर ओरडतील. ओरडू देत.

१४ फेब्रुवारी

लेक पहाटेच निघून आली होती. आईला बघून आधी दोन शिव्या घातल्या, मग गळ्यात पडली. शिरा केला. अंगणात एवढी माणसं जमली की लग्नघर वाटावं.

ठिपका मात्र करडाच आहे. नोंद फिरवायला गेले तर उत्तर आलं, बंद नोंदीत बदल करता येत नाही. संगमेश सरांना खरं सांगितलं. आधी ओरडले, मग हसले, मग म्हणाले की हे त्यांच्या हातात नाही, वर तक्रार टाकतो, होईल आठवड्यात. तोवर बंद नोंदीवर औषध लिहिता येणार नाही. मी अक्कलकोटच्या मेडिकलमधून माझ्या पैशाने गोळ्या आणल्या. चूक माझी आहे.

१७ फेब्रुवारी

रेशन दुकानात मशीनने मावशींचा अंगठा घेतला नाही. म्हाताऱ्या माणसांचे ठसे झिजतातच, दुकानदार म्हणाला. सगळे हसले. मावशीही.

संध्याकाळी भाकऱ्या करताना त्यांची बोटं तव्याला चिकटलेली मला दिसली. मी ओढली. फोड आले होते. त्या बोटांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, कायच वाटंना गं. शिरा खाल्ला तेव्हा गोडही लागला नव्हता म्हणे. कुणाला सांगितलं नाही, लेकीचा हिरमोड होईल म्हणून.

मी हाताने नाडी बघितली. लागते, पण खूप खोल.

२० फेब्रुवारी

आज सरांना टॅबवर दाखवलं. मावशी माझ्यासमोर खुर्चीवर बसल्या होत्या, निळं लुगडं, हात मांडीवर. सर म्हणाले, ऋतुजा, कॅमेरा नीट धर, खुर्ची रिकामी दिसतेय. मी टॅब हलवला, जवळ नेला. सर म्हणाले, रेंज सुधारली की कर. मी टॅब उलटा करून बघितला. पडद्यावर मलाही रिकामी खुर्चीच दिसत होती.

सिद्धेश्वरीताई आल्या आणि मावशींकडे न बघताच थेट माझ्याशी बोलायला लागल्या. मावशींनी दोनदा हाक मारली. मला भीती वाटली. आज खरंच वाटली.

२३ फेब्रुवारी

दुपारी मावशी ओट्यावर कोसळल्या. घाम, डावा हात धरलेला. गाडी बोलावली तर त्यांचा रुग्ण नंबर टाकताच उत्तर आलं, रुग्ण मृत. पुन्हा टाकला. रुग्ण मृत.

मग मी माझा पट्टा काढून त्यांना घातला. त्यांचा पट्टा कुठे पडायला नको म्हणून माझ्या मनगटावर अडकवला. माझा ठिपका लगेच लाल झाला आणि गाडी निघाली. दादांना बजावलं, आई बरी होईपर्यंत ती ऋतुजाच, कुणालाही सांगायचं नाही. सांगितलंत तर औषधं थांबतील. दादांनी माझे पाय धरले.

ड्रायव्हरने पट्टा तपासला. पडद्यावर वय सव्वीस. मावशींच्या चेहऱ्याकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे, आणि म्हणाला, लवकर चढवा पेशंटला.

२४ फेब्रुवारी

वाचल्या. दादा सोबत गेलेत, त्यांनी कळवलं, ब्लॉकेज काढलं. ठिपका हिरवा आहे, माझ्या नावाने. सिद्धेश्वरीताईंच्या फोनवर त्यांच्या खांद्यावरून बघितलं, कारण माझ्या फोनला माझं बोट कळत नाही. पुसून बघितलं. दुसरी बोटंही लावली.

दुपारी आईचा फोन आला, तो कसाबसा उचलला गेला. रडत होती. बसमधल्या कुणाला तरी सांगत होती, माझ्या ऋतूला ॲडमिट केलंय. मी म्हणत होते, आई, मीच बोलतेय, मला काही झालेलं नाही. ती हॅलो, हॅलो म्हणत राहिली.

जेवले. काय जेवले ते आठवत नाही.

२६ फेब्रुवारी

दादा कपडे न्यायला आले होते. माझ्या खोलीच्या दारात उभे राहून बोलले, आत आले नाहीत. म्हणाले, तिथे दवाखान्यात माझी आई आलीय. अनसूयामावशींना हाताने भरवते. वेणी घालते. दादांनी न राहवून सांगितलं, की काकू, ही माझी आई हाय. माझी आई चिडली. पडद्यावरचं नाव दाखवलं. माझ्या पोरीबद्दल अभद्र बोलू नको म्हणाली.

मी विचारलं, आणि मावशी?

ऋतू म्हटलं की ओ देतात म्हणे.

हे ऐकून मी रडायला हवं होतं. रडायला हवं हे कळतं. पण येत नाही. दात काढताना इंजेक्शन देतात, तसं सगळं आतून—

मनगटावरचा पट्टा काढायला गेले. निघाला. काही फरक नाही.

२७ फेब्रुवारी

गावातल्या उपकेंद्रात जाऊन बसले. सिद्धेश्वरीताई आल्या, झाडलोट केली, पंखा बंद केला, बाहेरून कुलूप लावून गेल्या. मी खुर्चीतच होते. मी ताई, ताई म्हणाले. मोठ्याने म्हणाले—

संध्याकाळी त्यांनी पुन्हा उघडलं तेव्हा बाहेर आले. तहान नव्हती.

नाडी बघितली. मनगटाला, मग मानेला. मला बघता येते, रोजचं काम आहे माझं. बोटांना काही लागलं नाही. बोटंच बधिर असतील. तसंही असू शकतं—

२८ फेब्रुवारी

गाडी थांबली. आईचा आवाज आला. खूप दिवसांनी काहीतरी हललं आत, नक्की हललं. दाराशी गेले.

आई माझ्या अंगावरून आत आली. अंगावरून म्हणजे— मी बाजूला झाले असेन.

दादांना सांगतेय की ऋतूला आता श्रीपूरला नेणार, तिथलं पाणी मानवेल. खूश आहे. रंग परत आलाय म्हणते पोरीच्या तोंडावर. माझे ड्रेस घड्या करून पिशवीत भरतेय. कंगवा, चार्जर, डबा.

मी पलंगावर बसून लिहितेय. दादांनी माझ्याकडे बघितलं. सरळ माझ्याकडे. त्यांना मी दिसते. मी म्हटलं, दादा, सांगा तिला.  त्यांनी मान खाली घातली आणि आईची पिशवी उचलून बाहेर नेली. मीच सांगितलं होतं ना, की सांगायचं नाही—

आई पलंगापाशी आली. तिच्या डोक्याचं तेल— वास येत नाही, पण माहीत आहे.

म्हणतेय, ही वही राहिली, रोज लिहायची सवय आहे तिला.

वहीला हात लावलाय. मी धरून आहे. ती ओढत नाही, नुसती उचलतेय, काहीच जड नसल्यासारखी— आई, मी इथे— आई, बघ ना, शाई ओली आ