ठमाबायची चूल

१२ डिसेंबर ६३
पंपाच्या सांध्यातून पुन्हा हेक्झेन, तेल विरघळवायचं सॉल्व्हंट, गळतंय. शेठना सांगितलं. म्हणाले, "कोंड्यातून तेल उतरतंय ना? मग थोडं सॉल्व्हंट उडायचंच."
उडून जात नाही, हीच तर भीती. वाफ हवेपेक्षा जड. जमिनीलगत सरपटते, डोळ्यांना दिसत नाही. ठिणगी लांब असली तरी तिथवर पोचते आणि पेटते. आणि आमचं गटार कुंपणाखालून थेट शेजारच्या ठमाबायच्या झोपडीकडे, तिच्या चुलीपर्यंत.

१४ डिसें.
नामदेव फिटर पंपाजवळ कानावर विडी लावून. ओरडलो. "पेटवली नाय ना साहेब!" म्हणाला. घरी जेवण गेलं नाही. सुशीलाने ताट उचललं.

१७ डिसें.
आज सकाळी पंपाच्या सांध्यातलं गास्केट फाटलं. पंप बंद करेपर्यंत बरंच गटारात गेलं. थंडी, वारा अजिबात नाही. पेट्रोलसारखा वास. बॉयलरचा विस्तव बाहेर ओढून विझवावा, तर वाफ त्यानेच पेटायची. नामदेवला बॉयलरची दारं बंद करायला सांगून मी गटाराकाठाने पळत सुटलो.
ठमाबाय चुलीपुढे. "चूल विझव!"
"का म्हणून? भात शिजतंय. पोरां शेतावरना येतील, त्यांना काय घालू?"
"आग लागेल, म्हातारे!"
"चुलीत आगच असतंय."
पाण्याचा हंडा उचलून चुलीत ओतला. राख, वाफ, भात सगळं एक. तिने उलथन्याने पाठीत मारलं. तिला दंडाला धरून बांधावर ओढत नेलं. ती शिव्या देतेय, मी झोपडीकडे बघतोय.
बऱ्याच वेळाने खाडीकडून वारा आला. वास गेला.
काही झालं नाही.

१८ डिसें.
काही झालं नाही, म्हणून मीच वेडा. ठमाबाय बाजारात सांगत फिरतेय, केमिस्टाने भात नासवला. सु.ने तांदूळ पाठवले, ते परत आले. शेठ हसले. "उगाच गावाला घाबरवलंत."
नामदेव कामावर आला नाही. तो एकटाच मला वेडा म्हणत नसावा.
साबण लावला तरी हातांना वास. की मनातच?

१९ डिसें.
नवं गास्केट बसलं. गटार आधी बुजवा म्हटलं. शेठ : "सीझन संपल्यावर. उद्या प्लांट चालू. तुम्हाला जमत नसेल तर माझा भाचा करेल."
भाच्याला हेक्झेन आणि रॉकेल यातला फरक माहीत नाही. मी नाही म्हटलं तर तो. हो म्हटलं तर मी.

२० डिसें.
भोंगा झाला. आजही वारा नाही. खिडकीतून ठमाबायच्या छपरावर धूर दिसतोय.
सु.ला म्हटलं, आजच्या दिवस पेणला आईकडे जा. पहिली एस.टी. मिळेल.
तिने पिशवी भरायला घेतली, मग थांबली. "आणि ठमाबाय कुठे जाईल?"
चपला घालतोय. फाटकातून उजवीकडे प्लांट, डावीकडे तिची झोपडी. आधी पंप बघायचा की तिची चूल विझवायची, ते अजून ठरलं नाही.