घरात सर म्हणायचं नाही

अहो ज्योतीचे बाबा,

काल तुमच्या खो-खोच्या जुन्या पोट्ट्या घरी आल्या. सगळ्यात आधी शबाना आली. मले वाटलं होतं वंदना पहिले येईल, ती इथंच प्रताप नगरात राहते, दोन गल्ल्या सोडून. पण नाही. पार महाल वस्तीतून गाडी हाणत शबानाच आली, अन् वंदना मागून, धापा टाकत. तुमची शिट्टी वाजायची तरी हिची वेणी व्हायचीच असायची, आठवते ना? आता तिची लेकरं शाळेत जातात, पण बाई अजून उशिराच येते.

हे तुमाले सांगितल्याशिवाय मले राहवत नाही, म्हणून तनूची पेन्सिल घेऊन बसली. माझी शाळा चौथीपर्यंतची, चुका काढू नका. तनू बाजूले बसून काना-मात्रा सांगून राहिली. फार हुशार झाली हो तुमची नात! तिचा समोरचा दात पडला, तर म्हणे, आजी, आधी आजोबांले सांग. सांगितलं बघा.

पण लिहायचं कारण दात नाही. ज्योतीचं काही खरं नाही हो. तुम्ही गेल्यापासून ती तनूले घेऊन इथंच आहे. जावईबापू समजदार, काही म्हणत नाहीत. पोरगी ऑफिसात जाते, येते, ताटावर बसते, भात चिवडते अन् उठते. रडत नाही. एक थेंब नाही. लोक म्हणतात, किती धीराची. आतल्या आत सुकून चालली ती, अन् मी नुसती वरण गरम करून राहिली.

ती रडणार तरी कोणासाठी, तुम्हीच सांगा? बापासाठी का सरांसाठी?

तुमचा तो नियम! मैदानावरच्या कडुनिंबाखाली पायातलं काढलं की तुम्ही सर. सगळ्या पोट्ट्यांचे सर, अन् ज्योतीचेही सर. घरी आले की सर नाही, खो-खो नाही, मॅचचा म नाही. पोट्ट्या पोहे खायले आल्या तर त्यांनीही उंबरठ्याच्या आत काकाच म्हणायचं. एखादी चुकून सर म्हणाली की तिच्या पोह्यांवर तर्रीचा रस्सा नाही! घरात मास्तर नको, माणूस पाहिजे, असं म्हणायचे तुम्ही. अन् माणूस होते खरे. माझे गुडघे धरले की पोळ्या तुम्ही लाटायचे, विदर्भाच्या नकाशासारख्या. इतवारीच्या बाजारातून तूरडाळ आणायचे ती दाताखाली धरून पाहून. तनूची वेणी घालावी तर तुम्हीच, माझ्या हातची तिले आवडायची नाही. अजूनही आवडत नाही. रोज सकाळी तोंड फुगवते.

पण ज्योती सहावीत होती तेव्हाचं मी विसरली नाही. मी डबा घेऊन मैदानावर आली होती. पोरगी खांबावर आपटली, गुडघा फुटला, अन् बाबा म्हणून केवढ्यानं ओरडली. तुम्ही जागचे हलले नाही. रक्त वाहून राहिलं, अन् तुम्ही उभे! मग ती स्वतःच उठली, म्हणाली, "सर, लागलं." तेव्हा कुठं धावले तुम्ही, उचलून घेतलं. घरी हळद लावताना हात थरथरून राहिले होते तुमचे, ते मी पाहिलं. तिनं कुठं पाहिलं? ती तर डोळे मिटून होती.

अन् गेले तेही कसे? सकाळी मैदानावर निघाले, उंबरठ्यावर बूट घालायले बसले, अन् उठलेच नाही. एक बूट पायात, एक हातात. ज्योती धावत आली. तिनं बाबा म्हणून हाक मारली. मग सर म्हणून मारली. मग पुन्हा बाबा. तुम्ही कोणत्याच हाकेले उठले नाही. तेव्हापासून ती दोन्ही नावं तिनं तोंडातून काढली नाहीत. एवढ्या पोट्ट्यांले एवढं शिकवलं, अन् तुम्ही नसल्यावर काय म्हणायचं ते काहून नाही शिकवलं हो?

तर काल ह्या दोघी आल्या. मले किती आनंद झाला म्हणून सांगू! पोहे केले, वरून हिरवा सांभार चिरून टाकला. ज्योतीले हात धरून बाहेर आणलं. दिवाणावर दोघी बसल्या त्याही कशा? एकीचं तोंड खिडकीकडे, दुसरीचं दाराकडे, गुडघे उचललेले, आत्ता खो मिळेल अन् पळायचं अशा. मले हसू आलं.

बोलणं मात्र सगळं इकडचं तिकडचं. कूलरची गवताची ताटी बदलली का, वंदनाच्या सासूचा मोतीबिंदू, तनूचा दात. शबाना घडीघडी ज्योतीकडे पाहायची, तोंड उघडायची, अन् पाणी प्यायची. ज्योती भिंतीकडे पाहून राहिली. पोहे संपले, चहा संपला, दोघी उठल्या. अन् तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ह्या मैदानाचंच काही विचारायले आल्या, अन् घरात खेळाचं बोलायचं नाही म्हणून गप्प! तुम्ही नाही, तरी तुमचा नियम पाळून राहिल्या. आता अशाच परत जातील, अन् ज्योती पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजेल.

मी म्हटलं, ज्योती, पोरींले फाटकापर्यंत सोडून ये. अन् मीही मागं गेली.

फाटकाबाहेर पाय पडला अन् शबानाच्या तोंडाचं कुलूप निघालं.

"ज्योती, मैदान वाळून राहिलं वं. पोट्ट्या रोज येतात, कडुनिंबाखाली बसतात, अन् घरी जातात. लहान्या पोट्ट्यांले तूच शिकवायची ना? तू चल."

ज्योती फाटकाची कडी धरून उभी. मी मनातल्या मनात तुमाले हाका मारून राहिली, बोलती करा हो हिले, काहीतरी बोलू द्या. शेवटी म्हणाली, "मैदानावर पाणी कोण मारते?"

कोणीच नाही, वंदना म्हणाली.

"मग पळवू नका त्यांले. ढेकळं झाली असतील, गुडघे फुटतील. पाणी मारल्याशिवाय सर..."

सर म्हणाली हो! फाटकाबाहेर होती, अन् सर म्हणाली. अन् तिथंच रस्त्यावर बसली. दोघींनी दोन्हीकडून धरलं तिले, अन् तिघी अशा रडल्या की समोरचे इस्त्रीवाले भाऊ इस्त्री ठेवून उभे राहिले. मग मी तिले आत आणलं. उंबरठा ओलांडला, अन् बाबा म्हणून पुन्हा पहिल्यापासून रडली.

पण येते म्हणाली नाही. आज सकाळी पुन्हा अर्धीच पोळी खाल्ली अन् उठली. मले भीती वाटते, कालचं ते कालपुरतंच तर नव्हतं? तुम्ही असते तर एका शिट्टीत उठवलं असतं. मी काय करू? मले तर शिट्टीही वाजवता येत नाही, नुसती फुंक निघते.

एवढं वचन देते. ती मैदानावर गेली तर मी घरी एक शब्द विचारणार नाही, तुमचा नियम मोडणार नाही. अन् नाही गेली तर बादली घेऊन मीच जाईन, हे गुडघे घेऊन. मायले एकटीले पाणी मारताना पाहून तरी येईल ना ती? येईल ना हो?

शबाना अन् वंदना रविवारी सकाळी तिले मैदानावर न्यायले परत येणार आहेत. आत येणार नाही म्हणाल्या, फाटकाबाहेरच उभ्या राहतील.

तुमची,
ज्योतीची आई