सूनबाईचे अठ्ठावीस दिवस

३ मार्च, सोमवार
पुन्हा एकपासून! सूनबाईच्या इंजेक्शनचा डोस आज वाढवला, आणि विमानतळाच्या मेडिकल तपासणीवाल्यांनी दिवस मोजणं परत एकवर आणलं. नवा डोस अंगाला सोसतो का ते बघायचं म्हणे, तोवर अठ्ठावीस दिवस टॉवरमधल्या खुर्चीला हात लावायचा नाही. ही तिसरी वेळ. पाच जानेवारीपासून हेच चाललंय.

आधी म्हणाले, वजन उतरव, नाहीतर कामावर बसू देणार नाही. बरं. तिनं आठवड्याचं ते इंजेक्शन सुरू केलं. आता म्हणतात, इंजेक्शन घेतेस ना, मग बसू नकोस! डोकं ठिकाणावर आहे का यांचं?

४ मार्च
बाई विमानं उतरवते. वर बसून एकेकाला सांगते — तू थांब, तू ये खाली. डोक्याचं आणि तोंडाचं काम. कमरेचा घेर कुठे आड येतो त्यात? आणि हिला बसवलीय तळमजल्यावर, फायलींवर नंबर टाकायला!

९ मार्च, रविवार
मुलाचा बोटीवरून फोन. "आई, नियम असतात. तू मध्ये पडू नकोस." हा चार-चार महिने समुद्रात, आणि मी मध्ये पडू नको! घरात दुसरं आहे कोण पडायला?

त्याच्याकडूनच कळलं — ५ एप्रिलला तिला खुर्ची सोडून तीन महिने भरतात. तोवर ती खुर्चीवर बसली नाही, तर परवाना गेला. मग पुन्हा शिकाऊ. नऊ वर्षं काम केलेल्या बाईनं कालच्या पोरांच्या हाताखाली बसायचं! तळपायाची आग मस्तकात गेली.

३० तारखेला अठ्ठावीस भरतात. मध्ये काही झालं नाही म्हणजे मिळवलं.

११ मार्च
मेडिकलला फोन लावला. कारकून म्हणतो, "आजी, तुमचा काय संबंध?" म्हटलं, "तिचा डबा रोज मी भरते, हा संबंध!" हसला मेला. "आजी, जे असेल ते कागदावर येऊ द्या, आम्ही बघतो." बघतात! दोन महिने बघतच बसलेत.

१४ मार्च
दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. म्हटलं, "अगं, चिमणीसुद्धा जास्त खाते." म्हणाली, "चिमणीला मेडिकल नसतं, आई." हसलो दोघी. मग मला परत राग आला.

२० मार्च
सकाळी सूनबाईला उलटी झाली. एकच. तोंड धुतलं, वेणी घातली, कामावर गेली. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. एवढं काय त्यात? मी तीस वर्षं युनिफॉर्मच्या कारखान्यात मशीन चालवलं. तापात चालवलं. पोटुशी असताना उलटी करून आले नि परत मशीनवर बसले. कुणी कागद नाही मागितला.

२८ मार्च
मेडिकलच्या डॉक्टरीणबाईंचा कागद — माझ्या नावानं! घरच्या माणसानं भरायचा, पाकीट बंद करून द्यायचं. चक्कर आली का. उलटी झाली का. किती वेळा. म्हणजे आता सासूनं सुनेची चुगली करायची!

सूनबाई म्हणाली, "जे असेल ते लिहा, आई. मी माझा वेगळा भरलाय." आणि गेली आंघोळीला. चेहऱ्यावर काही नाही. पण मला कळतं की! तोंड उघडून कशी सांगणार बिचारी, खोटं लिहा म्हणून?

सातवी शिकलेय, पण "नाही" लिहिता येतं. नाही. नाही. नाही. खाली दणदणीत सही. पाकिटाला डिंक लावला, वरून मूठ मारली. घ्या!

३१ मार्च, सोमवार
भरले अठ्ठावीस! सकाळी डबा घेऊन गेली. वरती बसली का, अजून कळलं नाही.

१ एप्रिल
दुपारीच घरी आली. खुर्ची नाही. तिच्या कागदावर २० तारीख, एक उलटी, वेळसुद्धा लिहिलेली. माझ्या कागदावर "नाही". दोघींतली एक खोटं बोलतेय, म्हणून फाईल समितीकडे गेली. समिती मे महिन्यात बसणार.

ओरडली असती तर बरं झालं असतं. चप्पल काढता काढता एवढंच म्हणाली, "आई, एक उलटी चालली असती."