‘जेलस’पाशी अडलेलं घोडं

कोश कार्यालय, दुसरा मजला
९ ऑक्टोबर, जेवणाची सुट्टी

प्रिय घुबडा,

नमस्कार. तो सप्रेम आहे की कसा, हे खालची तक्रार ऐकून तूच ठरव.

तक्रार तुझ्या पाकिटावरच्या तिकिटाची आहे. ते सरळ होतं. चारी कडा पाकिटाच्या कडांना समांतर, गोंदाचा एक ओघळ नाही. आजवर तू त्या जाड भिंगांमागून नेम धरून तिकीट लावायचास आणि ते पाय घसरून पडल्यासारखं चिकटायचं. टपालवाला लांबूनच ओळखायचा आणि गठ्ठ्यातून वर काढून द्यायचा. या खेपेला त्याने ते विम्याच्या पत्रांत घालून दिलं. जुन्या स्नेह्याशी हे असं वागणं शोभत नाही. अर्थात, तिकीट तुझ्या त्या शेजाऱ्यांनी लावलं असणार. रेडिओवर बातम्या वाचण्यात हयात गेलेल्या निवेदकाचा हात असाच सरळ चालायचा.

बाकी इकडे सगळं ठीक. तुझी वहिनी अजून तुझ्या नावाचा एक कप चहा जास्त टाकते आणि तो मला प्यावा लागतो. मुख्य संपादकांचा गुडघा जिना चढताना दुखतो आणि कोणी रजा मागितली की जास्त दुखतो. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी तू लेकीकडे गेलास तेव्हापासून तुझ्या खुर्चीवर मी बसतो आणि माझ्या खुर्चीवर नव्या बाई. आपला रिवाज मोडलेला नाही: एकाने नोंद मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने डोळे मिटून ऐकायची आणि पटली तरच ‘हूं’ म्हणायचं. ‘हूं’ आल्याशिवाय नोंद छापायला जात नाही. फरक एवढाच, की तू वाचायचास आणि मी ऐकायचो. आता मी वाचतो आणि बाई ऐकतात. पूर्वी त्या कोर्टात दुभाषी होत्या. त्यांचं ‘हूं’ शपथेवर दिल्यासारखं येतं, म्हणजे क्वचितच.

गेल्या आठवड्यात ‘जेलस’ हा शब्द आला आणि घोडं अडलं. शब्द खानदानी आहे. मूळ ग्रीक: आवेश, ओढ, आतली उकळी. त्याच मुळातून ‘झील’ निघाला, म्हणजे तळमळीचा उत्साह. दोघे सख्खे भाऊ. एक कामाला लागला, दुसरा लोकांच्या दारात डोकावत राहिला. जुन्या इंग्रजी लिखाणात माणसं आपल्या हक्कांबद्दल, अब्रूबद्दल ‘जेलस’ असत, म्हणजे डोळ्यांत तेल घालून ती जपत. ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या इंग्रजी भाषांतरात खुद्द देव हे विशेषण स्वतःला लावून घेतो आणि लाजत नाही. फ्रेंचांनी तर खिडकीच्या झडपांना हेच नाव दिलं. आत बसणाऱ्याला बाहेरचं सगळं दिसतं, बाहेरच्याला आतलं काही नाही.

मी संस्कृतावर पोसलेला माणूस. म्हटलं, हा माल आपल्या दुकानात भरपूर आहे. ‘मत्सर’ वेदकाळी सोमरसाचं कौतुकाचं विशेषण होतं, झिंग आणणारा अशा अर्थी. पुढे झिंग उतरली आणि नुसती डोकेदुखी उरली. ‘असूया’ म्हणजे दुसऱ्याच्या गुणांत दोष काढणं. हिचा मी सध्या सराव करतो आहे. तू लिहितोस, निवेदक पुस्तकं वाचून दाखवतात, आवाज काय भारदस्त! मी म्हणतो, तो माणूस कादंबरीतलं लग्न आणि धरण फुटल्याची बातमी एकाच सुरात वाचत असणार. तू लिहितोस, ते रोज संध्याकाळी न चुकता येतात. मी म्हणतो, त्यांना घरी कोणी विचारत नसणार. तू लिहितोस, अवघड शब्द आला की ते थांबून तुला अर्थ विचारतात. हे मात्र जरा अतीच झालं. अर्थावरून तुझ्याशी भांडायचं काम माझं होतं.

तर मी नोंद वाचली: ‘दुसऱ्याजवळ आहे ते आपल्याजवळ नाही याने जळफळणारा.’ ‘हूं’ नाही. शब्द फिरवून पुन्हा वाचली. तरी नाही. मी वेदकाळापासून सुरुवात करणार, एवढ्यात त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, “हा हेवा झाला. ज्याच्याजवळ नाही त्याचा. ज्याच्याजवळ होतं आणि आता जातंय की काय अशी धास्ती आहे, त्याचं काय?”

मी म्हटलं, तेच तर लिहिलंय.

“नाही लिहिलंत. तुम्ही वाचता कमी आणि झाकता जास्त. साक्षीदार असे बोलायचे.”

मी चष्मा पुसला. खिडकी उघडी होती ती लावली, मग परत उघडली. दुपारी नवी नोंद वाचली: ‘आपला माणूस आपला राहणार नाही या भीतीने अस्वस्थ; जुन्या वापरात, त्या माणसाचं बरंवाईट होईल अशी काळजी करणारा.’ हा दुसरा अर्थ माझ्या पदरचा नाही, आता कोणी वापरत नाही एवढंच. बाई ‘हूं’ म्हणाल्या आणि डोळे उघडून माझ्याकडे नको तितका वेळ बघत राहिल्या.

मागे तुला तपासायला छापखान्यातली कच्ची पानं पाठवली होती, जीव रमावा म्हणून. ती एकाही दुरुस्तीशिवाय परत आली. वर निवेदकांच्या अक्षरात, ‘छान झाली आहेत.’ अरे, त्यात एका पानावर अख्खा परिच्छेद दोनदा छापला होता. तू स्वल्पविरामाला सुळावर चढवणारा माणूस! निवेदकांनी सभ्यपणे तो एकदाच वाचला असणार. तुझी पत्रंही हल्ली त्यांच्याच अक्षरात येतात. मनगट दुखतं म्हणे. मनगट दुखतं म्हणून माणूस लिहीत नाही, हे मी मानलं. पण मनगट दुखतं म्हणून माणूस वाचत नाही, हे कसं मानू?

निवेदकसाहेब, हे पत्र तुम्हीच वाचत आहात, हे मला समजतं. वर तुमच्याबद्दल लिहिलं तेही तुम्ही आवाज न चढवता वाचलं असेल, त्याबद्दल आदर आहे. पुढचं काही गाळू नका, आणि वाचताना त्याच्या चेहऱ्याकडे बघू नका, एवढीच विनंती.

घुबडा, तुझी नजर गेली आहे ना? ऑपरेशननंतर तू कळवलंस, अजून धूसर आहे, येईल हळूहळू. त्यानंतर तू तो विषय काढला नाहीस, मीही नाही. मी आपला थट्टा करत राहिलो, कारण थट्टेला उत्तर यायचं. इतकी वर्षं तू मला वाचून दाखवलंस. आता पाळी माझी होती, आणि ती तू शेजारच्या माणसाला देऊन टाकलीस. हे झोंबलं, खोटं कशाला बोलू. पण ते मी पचवेन. तुला दिसत नसेल, हे मात्र पचत नाही. आणि त्याहून मोठी भीती ही, की इतकी मोठी गोष्ट सांगावी असा माणूस तुझ्या लेखी आता मी राहिलेलो नाही.

उत्तर कोणाच्याही अक्षरात चालेल. फक्त खरं असू दे.

तुझा, अजून असेन तर,
शास्त्रीबुवा